ओझ्याची सायकल

सायकलीचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा स्वाराकडे वळते. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' ही सुरक्षित सायकल सिद्ध केली, प्रवास सामान्यांच्या आवाक्यात आला, स्त्रियांना मोकळीक लाभली. हे सारे खरेच. परंतु त्याच यंत्रावर बांधलेल्या ओझ्याचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो.

युरोपात ओझ्यासाठी सायकलीची निराळी जातच निर्माण झाली. डेन्मार्कमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'लाँग जॉन' आली: स्वार आणि पुढचे चाक यांच्यामध्ये सामानासाठी सखल फळी असलेली लांबलचक सायकल. पुढे मोटारींनी तिला मागे सारले. मग कोपनहेगनमधील ख्रिश्चानिया या मोटारींना मज्जाव असलेल्या वस्तीत १९८४ साली पुढे पेटी बसवलेली तीनचाकी तयार झाली. आज तेथील आईबाप अशा सायकलींतून मुलांना शाळेत पोहोचवतात.

आपल्याकडे मालवाहू सायकलीला वेगळे नाव रूढ झाले नाही, कारण साधी काळी सायकलच मालवाहू होती. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवल्या. धारवाल्याने तीच स्टँडवर उभी करून पायाने सहाण फिरवली. यंत्र एकच, धंदा माणसाने त्याच्यावर बांधला.

गोव्यातील पोदेराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पाव पोर्तुगिजांबरोबर आला आणि स्थानिक हातांनी तो माडाच्या सुरेने आंबवला. जुन्या काळी पोदेर डोक्यावर टोपली घेऊन, वेळूची काठी वाजवत गावात शिरत असे. पुढे टोपली सायकलीच्या कॅरिअरवर गेली आणि काठीची जागा रबरी भोंग्याने घेतली. आवाज बदलला, त्याचा अर्थ बदलला नाही: पाव दारात आला आहे. पूर्वी महिन्याचा हिशेब घराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिण्याचीही चाल होती. उधारी भिंतीवर मांडण्याइतका हा विश्वास रोजच्या फेरीतून उपजत असे.

मुंबईचा डबेवाला हा याच परंपरेचा शहरी वारस. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतील माणसे आली. लोकलची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण लोकल स्थानकापाशीच थांबते. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हा पल्ला पायांनी, हातगाडीने वा सायकलीनेच गाठावा लागतो. म्हणूनच नव्या गड्याने आपल्या दोन सायकली भांडवल म्हणून आणाव्यात, असा या मंडळींत रिवाज होता.

या श्रमाचे गोडवे गाताना एक भान मात्र राखावे लागेल. कोपनहेगनच्या पालकाला पेटीची सायकल ही निवड आहे. आपल्या पाववाल्याला ती बहुधा निरुपायाने स्वीकारावी लागली. त्याला स्कूटर घेता आली, तर त्याच्या गुडघ्यांना विसावाच मिळेल, आणि त्याबद्दल हळहळणे हा सुखवस्तूंचा रम्य स्वार्थ ठरेल.

तरीही काही हरवते आहे, हे नाकारता येत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, कचेऱ्या ओस पडल्या आणि डबेवाल्यांपैकी अनेकांना गावची वाट धरावी लागली. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, 'अ‍ॅटलास'च्या साहिबाबाद येथील कारखान्यात काम थांबले. ओझे मात्र कमी झाले नाही. उलट, ते दुचाकीवरील चौकोनी पिशवीत शिरून अधिक वेगाने धावू लागले. पण त्या पिशवीचा वाहक आज एक असतो, उद्या दुसरा. त्याच्या वेळेचा हिशेब फोन ठेवतो. त्याचे नाव विचारण्याचे कारणच उरत नाही.

सायकलीच्या मंद गतीत आणि ठरलेल्या फेरीत ओझ्याबरोबर ओळखही वाहिली जात होती. वाहकाचे कष्ट कमी व्हावेत आणि ही ओळखही टिकावी, अशी व्यवस्था आपण उभारू शकलो नाही. दोष अर्थातच सायकलीचा नव्हे.