तळटीप : ‘व्हीजीए=७९१’ आणि पडद्यावरचा इशारा

१. मूळ मजकुरात हा इशारा ‘कर्नलची तक्रार’ म्हणून आला आहे. ते बरोबर नाही. ‘डेप्रिकेटेड’ असे पडद्यावर छापतो तो ग्रब, म्हणजे कर्नलला मेमरीत आणून सुरू करणारा बूटलोडर. कर्नल तेव्हा जागाही झालेला नसतो. ‘व्हीजीए=’ हा खरे तर बूटलोडरचा पर्याय आहे, असे लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजातही नोंदवलेले आहे. ७९१ म्हणजे आडवे १०२४, उभे ७६८ ठिपके आणि १६ बिटांचा रंग. ग्रब २ ला असले सांकेतिक आकडे नकोत, मोजमाप सरळ हवे. म्हणून ‘लिनक्स’ या आज्ञेच्या आधी ‘जीएफएक्सपेलोड’ ठरवा, असे तो सुचवतो. आणि तूर्त ७९१चा अर्थ स्वतःच लावून यंत्र सुरूही करतो.

‘डेप्रिकेटेड’साठी आधीच्या खर्ड्यात ‘रद्द’ हा शब्द पडला होता, चूक आमची. पर्याय चालतो, पण नव्याने वापरू नये, एवढेच त्यातून सांगायचे असते. खरोखर मेलेला पर्याय पाहायचा तर ‘एलिव्हेटर=’. कर्नलच्या २०१९मधील ५.० आवृत्तीत डिस्कची कामे रांगेत लावणारे जुने शेड्यूलर गेले, आणि पुढे या पर्यायाचा आता काहीही परिणाम होत नाही, असे कर्नलनेच छापायला सुरुवात केली. हा इशारा मात्र कर्नलचा.

उबुंटू किंवा डेबियन असेल तर ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमधून ‘व्हीजीए=७९१’ काढावे, ‘ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स’पुढे मोजमाप लिहावे आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. टाइप करताना अर्थात रोमन लिपीत. — संपा.