‘इंग्लिशर’ : एका विस्मृत शब्दाविषयी

1626 साली ऑव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फसिस’चे जॉर्ज सँडिसने केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावर ‘ट्रान्सलेटेड’ हा शब्द नाही. ‘इंग्लिश्ड’ असा आहे. ‘इंग्लिश’ हे त्या काळी क्रियापदही होते, आणि असे ‘इंग्रजी करणारा’ तो ‘इंग्लिशर’. आज हे नाम क्वचितच वापरले जाते. शब्द लोप पावतात, त्यात नवल नाही. परंतु या शब्दाबरोबर भाषांतराकडे पाहण्याची एक दृष्टीही मागे पडली, असे मला वाटते.

‘ट्रान्सलेट’च्या लॅटिन मुळाशी ‘पलीकडे वाहून नेणे’ ही कल्पना आहे. आपल्या ‘अनुवादा’त मागाहून बोलणे आहे, ‘भाषांतरा’त भाषेचा पालट आहे. या तिन्ही शब्दांत मूळ ग्रंथाची सावली राहते. ‘इंग्लिशर’ मात्र ग्रंथ कोठून आला हे विचारीत नाही, तो कोठे पोहोचला एवढेच सांगतो. टॉमस नॉर्थचे उदाहरण घ्यावे. त्याचा प्लुटार्क 1579 साली निघाला, तो ग्रीकवरून नव्हे, तर जाक आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून. आणि मुखपृष्ठावर तसे स्पष्ट नमूदही केले होते. तरीही ‘ज्युलियस सीझर’ लिहिताना शेक्सपिअरला उपयोगी पडला तो हाच ग्रंथ. ग्रीकशी तो किती प्रामाणिक, हा प्रश्न पंडितांचा. इंग्रजीला त्याने काय दिले, याचे उत्तर रंगभूमीने दिले.

हे क्रियापद रूढ झाले चौदाव्या शतकाच्या अखेरीस, विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले त्या सुमारास. त्या वेळी विद्येची आणि धर्माची भाषा लॅटिन होती, दरबारात फ्रेंचचा मान होता. इंग्रजी ही सामान्यांची बोली. 1409 साली आर्चबिशप अरुंडेलच्या नियमांनी धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून बायबलचे इंग्रजी भाषांतर करण्यास मनाई केली. विल्यम टिंडेलने आपला ‘नवा करार’ 1526 मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे छापून घेतला, आणि 1536 मध्ये ब्रुसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारून त्याचे शव जाळण्यात आले. ‘इंग्रजी करणे’ ही एके काळी अशी जिवावरची गोष्ट होती.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण केली, आणि तेथील पंडितांनी तिला विरोध केल्याची कथा परंपरा सांगते. देवभाषेतील धन लोकभाषेत आणताना आपल्या भाषेच्या योग्यतेचे समर्थन करणे त्यांनाही आवश्यक वाटले होते.

पुढे इंग्रजीची स्थिती पालटली. 1680 साली ड्रायडनने भाषांतराचे शब्दशः, भावानुसारी आणि अनुकरणात्मक असे तीन प्रकार सांगितले, तेव्हा चर्चेचा विषय इंग्रजीचे दारिद्र्य हा राहिला नव्हता. मूळ कृतीपासून किती दूर जावे, हा झाला होता. भाषा संपन्न झाली आणि तिची भर घालणाऱ्याला वेगळे नाव देण्याची गरज उरली नाही.

आज मराठी कृती इंग्रजीत जाते तेव्हा या शब्दाचा अर्थ जणू उलटा होतो. गरजू इंग्रजीत बाहेरचे आणणे म्हणजे तिला समृद्ध करणे होते. बलाढ्य इंग्रजीत एखाद्या कृतीला पूर्णपणे ‘इंग्रजी करणे’ म्हणजे तिची नाती, तिचे छंद, तिची संबोधने पुसून टाकणेही ठरू शकते. दिलीप चित्रे यांनी तुकारामांच्या अभंगांच्या इंग्रजी भाषांतराला 1991 मध्ये ‘सेज तुका’ हे नाव दिले. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा त्यांनी थेट ग्रंथाच्या माथ्यावर ठेवली. येथे इंग्रजीला मराठीच्या लकबीने बोलावे लागते.

म्हणून ‘इंग्लिशर’ हा शब्द पुन्हा वापरात आणावा, असे मी म्हणणार नाही. परंतु भाषांतराच्या वर्गात तो एकदा तरी उच्चारला जावा. मूळ कृतीवर अन्याय झाला का, हे आपण नेहमी विचारतो. जी भाषा तिला घरात घेते, तिने त्यासाठी स्वतःमध्ये काय बदलले, हेही विचारण्याची आठवण तो करून देईल.