हवालदाराच्या वहीत न मावणारा तमाशा

सरका थोडं, पायरीवर जागा होईल. ही परळची चाळ. १९४४ साली सुरू झालेल्या लाल बावटा कलापथकाचा आज इथे तमाशा आहे. शेजारचा गिरणीतला साचेवाला आत्ताच पाळीवरून सुटलाय; भुवयांत कापसाचे तंतू, अंगाला यंत्राच्या तेलाचा वास. वरच्या गॅलरीत बायका दाटीनं उभ्या. खानावळीतून सुक्या बोंबलांचा धूर येतोय, डोळे चुरचुरतात. कोपऱ्यात कागद पेटवून डफ शेकताहेत. चामडं ताणलं, की त्याची थाप थेट तुमच्या छातीत बसते.

गण, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीचं वंदन, सुरू झाला. गणपतीची वाट पाहू नका. या पथकाचे शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या तमाशात पहिलं वंदन मायभूमीला आणि हुतात्म्यांना. मग पथकातले दुसरे शाहीर अमर शेख उभे राहतात, आणि त्या पहाडी आवाजानं चाळीचे कठडे थरथरतात. ध्वनिक्षेपकाची गरजच नाही.

पण खरा जीव बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत. गॅसबत्तीच्या झगझगाटात घामानं निथळणारा सोंगाड्या गर्दीलाच विचारतो, आज रेशनवर काय मिळालं? मागून ओरडा येतो: किडके तांदूळ! तो ते उचलतो, सावकाराच्या तोंडी घालतो, तिथल्या तिथे त्याला यमक जुळवतो. ढोलकीवाला डोळ्यांनीच ताडतो, लय चढवतो. मागे सूर धरणारे झीलकरी पहिल्यांदा चाचपडतात. दुसऱ्या फेरीला मात्र ‘जी जी’ करत अख्खी ओळ उचलून धरतात. तुणतुणं मागे एकच सूर धरून आहे. संध्याकाळी ही ओळ जगात नव्हती. आता शेकडो माणसं ती म्हणताहेत आणि तुमचेही ओठ हलू लागलेत.

मागे भिंतीशी हवालदार वही घेऊन उभा आहे. लिहून तरी काय लिहील? त्याची पेन्सिल टेकेपर्यंत ओळ बदललेली असते. कागदावरची नाटकं आधी मागवून तपासता येतात. लोकांच्या तोंडून उचललेलं गाणं कुठून मागवणार? पुढे सरकारनं या पथकाच्या तमाशावर बंदीच घातली, त्यात मला नवल वाटत नाही.

अहो, इकडे बघा! सोंगाड्या तुमच्याकडेच बोट दाखवतोय. खोलीचं भाडं विचारतोय. लाजू नका, खणखणीत सांगा. ढोलकीवाला तुमच्या आकड्यावर तोडा लावायला टपलाय.