ब्लीडिंग टाइम: चाचणी तीच, प्रश्न वेगळा

1910 साली विल्यम ड्यूक या अमेरिकी डॉक्टरने कानाच्या पाळीला बारीक छेद दिला, दर अर्ध्या मिनिटाला टीपकागदाने रक्त टिपलं आणि ते थांबायला किती वेळ लागतो हे मोजलं. प्लेटलेट खूप कमी असलेल्यांत हा वेळ वाढलेला होता. रक्त चढवल्यावर तो उतरला. प्रश्न निदानाचा होता: रुग्णाला आधीच रक्तस्राव होतोय, तो का?

पुढे आयव्हीने दंडाला 40 मिमी दाबाचा पट्टा बांधून हातावर छेद घेतला. हळूहळू ही चाचणी ऑपरेशनआधी सरसकट होऊ लागली. इथे प्रश्नच बदलला: धडधाकट माणसाला उद्या टेबलावर जास्त रक्त जाईल का?

1990 मध्ये रॉजर्स आणि लेव्हिन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. कातडीवरच्या छेदावरून शस्त्रक्रियेतला रक्तस्राव आधी सांगता येतो, याला आधार सापडला नाही. 1998 मध्ये अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनीही तेच म्हटलं. म्हणून आज आधी विचारायचं असतं: दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का? घरात कुणाला असा त्रास? औषधं कोणती चालू आहेत?

संशोधनाला बसताना आपणही बघायचं: हातातलं मोजमाप मुळात कोणत्या प्रश्नासाठी बनलं होतं? निदान करणारी चाचणी भाकीतही करेल, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.