सायकलची सीट किती उंच हवी? गुडघे वाचवायचे तर आधी हे मोजा

वडोदरा : नंदुरबार, नवापूर भागातून शिकायला किंवा कामाला वडोदऱ्याला गेलेली मंडळी तिथे पहिल्यांदा जुनी सायकल घेतात. शहर बऱ्यापैकी सपाट, काळा घोडा ते मांडवी सायकलवर आरामात होतं. पण महिनाभरात गुडघा दुखायला लागतो आणि सायकल भिंतीला टेकते. दोष बहुतेक वेळा गुडघ्याचा नसतो, सीटचा असतो. सीट आधीच्या मालकाच्या मापाची असते आणि आपण ती तशीच चालवत राहतो.

उंची कशी ठरवायची?

भिंतीला टेकून सीटवर बसा. एक पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला आणि कंबर एका बाजूला कलली नाही, तर उंची बरोबर. चालवताना आपण टाचेने नाही, चवड्याने पॅडल मारतो. त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो आणि तेच हवं असतं.

आकड्यातच हवं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. माप ७६ सेंमी आलं, तर पॅडलच्या मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ६७ सेंमी अंतर ठेवा.

पुढे-मागे आणि कल

दोन्ही पॅडल आडव्या रेषेत ठेवा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीसमोरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो पॅडलच्या दांड्याच्या आसपास पडला म्हणजे झालं. सीट मात्र समतल हवी. टोक वर असेल तर जांघेत दाब येऊन मुंग्या येतात, खाली असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटावर येतो.

दुखणं काय सांगतं?

• गुडघ्याच्या पुढे दुखतं : सीट बहुधा खाली आहे.
• गुडघ्याच्या मागे दुखतं, कंबर डुलते : सीट फार वर आहे.
• हात बधिर होतात : टोक खाली झुकलंय किंवा हँडल लांब पडतंय.

एका वेळी अर्धा सेंटीमीटरच हलवा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. आधीच्या जागेवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे परत जाता येतं. एवढं करूनही दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

ही चूक करू नका

सीटच्या पाइपवर एक रेघ कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. उंच माणूस छोट्या फ्रेमची सायकल घेतो आणि पाइप ओढत ओढत वर काढतो. खड्ड्यात आदळल्यावर पाइप वाकतो किंवा मोडतो, कधी फ्रेमलाच तडा जातो. रेघ नसेल तर किमान सात-आठ सेंटीमीटर पाइप आत राहू द्या. तेवढ्यात उंची जमत नसेल तर लांब पाइप घ्या नाहीतर मोठी फ्रेम.

साध्या सायकलच्या सीटखाली दोन्हीकडे नट असतात. ते आलटून पालटून आवळा. आतले दाते झिजले असतील तर सीट चालता चालता पलटते, तेव्हा क्लँप बदलाच. शेवटी सीट दोन्ही हातांनी धरून जोरात पिळा. हलली नाही तरच रस्त्यावर निघा.

शिकणाऱ्या मुलांना हे माप लावू नका. त्यांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. तोल जमला की मग हळूहळू सीट वर घ्या.

पाना नसेल तर वडोदऱ्यात कोणत्याही सायकलवाल्याला सांगा, ‘सीट थोडी ऊंची करी आपो.’ काम पाच मिनिटांचं आहे, पण माप तुमचं तुम्हीच घ्या.