हिशेब उघडण्याचा हक्क

२०१० सालच्या गणपतीनंतर माझ्या क्रेडिट कार्डाचे जे मासिक निवेदन आले, तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. कार्डाची मर्यादा वीस हजार रुपयांची होती आणि खर्च झाला होता १९,७४० रुपयांचा, म्हणजे मर्यादेच्या आतला. सणाच्या गडबडीत भरणा दोन दिवस उशिरा झाला, म्हणून बँकेने पाचशे रुपये विलंबशुल्क माझ्या नावे टाकले. ते पाचशे मिळवताच बाकी २०,२४० झाली, आणि बाकी मर्यादेबाहेर गेली म्हणून मर्यादाभंगाचे आणखी पाचशे नावे पडले. त्याखाली या दोन्ही रकमांवरील सेवाकराचे १०३ रुपये. मर्यादा मी ओलांडलीच नव्हती. ती ओलांडली होती बँकेच्याच दंडाने, आणि त्या ओलांडण्याचा दंड मात्र माझ्या माथी आला होता. रक्कम मोठी नव्हती. पण ज्या रीतीने एका नोंदीच्या पोटातून दुसरी नोंद जन्माला आली होती, ती रीत मला फार जुनी आणि कोठेतरी वाचलेली वाटली, आणि तिचा माग काढता काढता मी पुष्कळ मागे गेलो.

दंडाच्या कराराची परंपरा इंग्लंडात मध्ययुगापासून आहे. शंभर पौंड कर्ज घेणारा मनुष्य दोनशे पौंडांचा रोखा लिहून देई, आणि ठरल्या दिवशी शंभर पोचते केले तर रोखा रद्द समजावा अशी अट त्यात असे. एक दिवस चुकला की दोनशेंची जबाबदारी कायम. साध्या कायद्याची न्यायालये रोख्याचे अक्षर पाहून निकाल देत. त्यामुळे ऋणको चॅन्सरीच्या, म्हणजे सदसद्विवेकाच्या न्यायालयाकडे धाव घेऊ लागला, आणि धनकोला त्याचे मुद्दल, व्याज व खर्च मिळाल्यावर त्याची हानी भरून निघाली, त्यापलीकडचा दंड वसूल करू देणे अन्यायाचे होय, हे तत्त्व त्या न्यायालयाने सतराव्या शतकात रूढ केले. पुढे पार्लमेंटनेही त्याला कायद्याचे रूप दिले. १९१४ साली डनलॉप टायर कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने या विचाराची कसोटी नीट शब्दबद्ध केली. त्या खटल्यात जिंकली कंपनीच, कारण ठरलेल्या भावाहून कमी भावात विकलेल्या दर टायरमागे पाच पौंड ही रक्कम न्यायाधीशांना नुकसानीचा प्रामाणिक अंदाज वाटली. परंतु लॉर्ड ड्युनेडिन यांनी जे नियम सांगितले ते त्या निकालाहून अधिक टिकले. दुसऱ्या पक्षाला धाक घालण्यासाठी लिहिलेली रक्कम तो दंड, आणि हानीचा आगाऊ केलेला प्रामाणिक अंदाज ती भरपाई. आणि ठराविक पैसे वेळेवर न दिल्याबद्दल त्या पैशांहूनही मोठी रक्कम मागितली असेल, तर तो दंडच समजावा. हे शेवटचे वाक्य क्रेडिट कार्डाचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचे आहे, आणि तरी पाच पौंडांचा किमान भरणा चुकला म्हणून वीस-पंचवीस पौंड आकारणाऱ्या निवेदनावर ते किती नेमके बसते!

इंग्लंडात बार्कलेकार्ड आले ते १९६६ च्या जूनमध्ये. पुढच्या तीन-चार दशकांत कार्ड घराघरांत पोचले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस उशिरा भरण्याचे, मर्यादा ओलांडण्याचे, परत आलेल्या धनादेशाचे शुल्क बहुतेक कार्डांवर वीस-पंचवीस पौंडांच्या घरात जाऊन बसले. भरणा एक दिवस चुकल्याने बँकेला खरोखर किती खर्च येतो? संगणकाने आपोआप छापलेले एक पत्र, त्याचे टपाल, आणि क्वचित एखाद्या कारकुनाची दहा मिनिटे. या प्रश्नाचे उत्तर बँकांकडून मागण्याचे काम ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी खात्याने हाती घेतले. युरोपीय निर्देशानुसार केलेल्या १९९९ च्या नियमांनी ग्राहकावर लादलेल्या अन्याय्य अटी निष्प्रभ ठरवल्या होत्या, आणि जुन्या दंडतत्त्वाचा आशय त्यात उतरलेला होता. ५ एप्रिल २००६ रोजी खात्याने जाहीर केले की कसूर-शुल्क बारा पौंडांहून अधिक असेल तर ते अन्याय्य आहे असे गृहीत धरून आम्ही कारवाई करू; आणि अशा अवाजवी शुल्काची वार्षिक बेरीज तीस कोटी पौंडांहून अधिक होते असा त्याचा अंदाज होता. बारा पौंड हा न्याय्य आकडा आहे असे खात्याने म्हटले नव्हते, उलट तसा अर्थ कोणी काढू नये असे स्पष्ट बजावले होते. पण बहुतेक कार्डकंपन्या लवकरच नेमक्या बारा पौंडांवर येऊन थांबल्या.

खात्याने पुढचा दर खाली आणला; मागे घेतलेले पैसे परत देण्याचा हुकूम काही काढला नाही. ते काम सामान्य माणसांनी स्वतः केले, आणि मला या इतिहासातील सर्वांत आदरणीय भाग तोच वाटतो. मुदतीचा कायदा सहा वर्षांचा असल्याने सहा वर्षे मागे जाता येत होते. जुनी निवेदने कोणाजवळ असतात? तेव्हा माहितीसंरक्षणाच्या कायद्यातील कलमाचा आधार घेऊन दहा पौंडांचा धनादेश आणि एक पत्र बँकेला पाठवायचे, चाळीस दिवसांच्या आत आपल्या खात्याची सारी नोंद मिळवायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लेखणीने एकेका दंडाला खूण करायची, बेरीज मांडायची, आणि ती रक्कम परत मागणारे पत्र द्यायचे. नकार आला तर लहान दाव्यांच्या न्यायालयात फिर्याद, आणि त्यावर कायद्याने मिळू शकणारे दरसाल आठ टक्के व्याज. वकील नाही, मोठा खर्च नाही. बँकांना आपला खरा खर्च न्यायालयात उघड करण्याची वेळ येऊ द्यायची नव्हती, म्हणून कितीतरी दाव्यांत सुनावणीआधीच पैसे चुकते झाले. काही कंपन्या बारा पौंडांवरचा फरक तेवढा देऊ करीत. चिकट दावेदार तो नाकारून सगळी रक्कम मागत आणि पुष्कळदा मिळवीत.

चालू खात्यावरील विनासंमती उचलीच्या शुल्काबाबत मात्र हीच लाट खडकावर आपटली. नोव्हेंबर २००९ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ते शुल्क हे बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहे, आणि १९९९ च्या नियमांखाली किमतीचा रास्तपणा तपासता येत नाही. दंडाला किंमत म्हटले की त्याची कसोटीच नाहीशी होते. अमेरिकेत हाच प्रकार दुसऱ्या शब्दाच्या आडून झाला. १९९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विलंबशुल्क हे व्याजातच मोडते असा अर्थ मान्य केला, त्यामुळे ज्या राज्यात व्याजाला बंधन नाही तेथे मुख्यालय असलेली बँक देशभर मनास येईल ते शुल्क लावण्यास मोकळी झाली. आणि ग्राहकाने आगाऊ संमती दिल्याशिवाय मर्यादाभंगाचे शुल्क घेता येणार नाही, हा नियम यायला २००९ चा कायदा व्हावा लागला.

येथे मला सुप्याची आठवण येते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्याच्या त्या गावी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन जे मागितले ते धान्य किंवा दागिने एवढेच नव्हते. त्यांनी मागितली ती कर्जाची खते, आणि ती हाती येताच जाळली. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा त्याच्या अंगाला धक्का लागला नाही. त्या कागदांत काय होते, हे पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे आले. १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांची केली होती, आणि ती कुळाच्या सोयीसाठी केली असा सरकारचा समज होता. पण दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढवी. वसूल दिल्याची पावती नाही. कर्ज देतानाच मनोती म्हणून काही रक्कम कापून घेतलेली. आणि कुळाचा अंगठा मात्र पुऱ्या रकमेवर. आयोगापुढील एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले. ज्या देशात मनुस्मृतीपासून दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये हा नियम, ज्ञात होता, त्याच देशात हे घडत होते. कारण खत बदलले की व्याजच मुद्दल बनते, आणि दामदुपट तरी मग कोणत्या मुद्दलाची मोजायची? माझ्या निवेदनातील विलंबशुल्क बाकीत मिसळून मर्यादेबाहेर गेले, ती युक्ती याच जातीची होती.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद अशी की खतावर काहीही लिहिलेले असो, न्यायाधीशाने त्या व्यवहाराचा इतिहास मुळापासून पाहावा, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब निरनिराळे मांडावेत, आणि मध्येच मुद्दलात घातलेले व्याज मुद्दल म्हणून धरू नये. कुळाला पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे, पासबुक मागता आले पाहिजे, हेही त्याच कायद्यात होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काही वर्षे या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून काम केले. इंग्लंडातील दावेदाराने सव्वाशे वर्षांनी दहा पौंड भरून आपल्या खात्याची नोंद मागवली तेव्हा त्याने जे केले, ते दख्खनच्या कुळासाठी कायद्याने १८७९ मध्येच करून ठेवले होते: हिशेब उघडणे. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाने तर दंड आणि भरपाई यांतील इंग्रजी भेदाचा घोळच घातला नाही; करारात लिहिलेली रक्कम ही कमाल सीमा, आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई, असा सरळ नियम येथे तेव्हापासून आहे.

हा वारसा असलेल्या देशात, जेथे १९८० च्या सुमारास सेंट्रल बँकेने पहिले क्रेडिट कार्ड काढले, तेथे ग्राहकाचे हात रिकामे का राहिले? याचे एक कारण १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात घातलेले २१-अ कलम. व्याजाचा दर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँक आणि तिचा ऋणको यांच्यातील व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. १९१८ चा अतिव्याजाचा कायदा किंवा राज्यांचे कर्जदारसाहाय्याचे कायदे याच्या आड येत नाहीत. रानड्यांच्या न्यायासनासमोर जे दार उघडे होते ते बँकेपुरते अशा रीतीने लावून घेतले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ च्या निर्णयात त्या दाराला हात घातला: वेळेवर पूर्ण रक्कम न भरणाऱ्या कार्डधारकाकडून दरसाल तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, एका कसुरीच्या काळाबद्दल दंडात्मक व्याज एकदाच घ्यावे, आणि ते मुद्दलात मिळवू नये. दामदुपटीचाच आत्मा या शब्दांतून बोलत होता, असे मला तो निर्णय वाचताना वाटले. पण त्याला स्थगिती मिळाली, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. माझ्या मते या निकालाने कायद्याचे अक्षर पाळले असेल, पण लाखो खातेदारांची एक जुनी आशा मावळली.

जे मिळाले ते रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांतून. मर्यादेपलीकडचा व्यवहार कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीखेरीज होऊ देऊ नये. न भरलेले शुल्क आणि कर व्याजासाठी बाकीत मिसळू नयेत. आणि भरण्याची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्याशिवाय विलंबशुल्क लावू नये. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कर्जावरील दंडात्मक व्याज बंद करून वाजवी दंडशुल्कच आकारावे असे परिपत्रक निघाले. त्यातून क्रेडिट कार्डे मात्र वगळली गेली.

२०१० मध्ये बँकेला पत्र लिहिले तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी फक्त वेगवेगळ्या दिवशींची बाकी मांडून दाखवली होती, आणि मर्यादेबाहेर गेलेले पैसे माझे नसून तुमचेच आहेत, एवढे दोन ओळींत लिहिले होते. तीन आठवड्यांनी मर्यादाभंगाचे पाचशे आणि त्यावरील कर जमा झाला. विलंबशुल्क कायम राहिले. आजच्या नियमाने दोन दिवसांच्या उशिराबद्दल ते लागले नसते, आणि ते लागले नसते तर दुसरी नोंदही पडली नसती. निवेदनाच्या त्या कागदावर मी त्या वेळी पेन्सिलीने केलेली वजाबाकी अजून पुसट दिसते: २०,२४० वजा ५००, बाकी १९,७४०.