खाडीची साधने : उल्हास व ठाणे खाडींच्या खुल्या जीवनोंदींची चिकित्सा

कल्याण व उल्हासनगर यांच्या मध्ये विठ्ठलवाडी हे रेल्वेचे एक लहानसे स्थानक आहे. त्याच्या जवळून वालधुनी नदी वाहते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख ज्यात आहे ते अंबरनाथचे शिवालय याच नदीच्या काठी उभे आहे. पुढे कल्याणच्या परिसरात ही नदी उल्हासेस मिळते. समुद्राच्या भरतीचे पाणी उल्हासेतून कल्याणपर्यंत चढते. प्राचीन काळी येथे बंदर नांदले त्याचे कारणही हेच. उल्हासेचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीने समुद्रास मिळतो आणि ठाण्याजवळ एक अरुंद फाटा तिला ठाणे खाडीशी जोडतो. तेव्हा विठ्ठलवाडी समुद्रकिनाऱ्यावर नसली तरी तिच्या पाण्याचा हिशेब अखेर समुद्राच्याच खात्यात मांडावा लागतो.

हा हिशेब मांडण्याचे एक नवे साधन गेल्या पंचवीस वर्षांत उपलब्ध झाले आहे. कोणता जीव, कोठे, केव्हा व कोणास आढळला, एवढा मजकूर असलेल्या कोट्यवधी नोंदी आज कोणासही विनामूल्य पाहता व वापरता येतात. त्यांच्या आधारे एखाद्या खाडीतील जीवसृष्टी समृद्ध आहे की ओसरत चालली आहे, याचे अनुमान केले जाते. हे काम प्राणिशास्त्रज्ञांचे, त्यात इतिहास विभागाचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु ही प्रत्येक नोंद एक ऐतिहासिक साधन आहे, आणि साधनाची चिकित्सा केल्यावाचून त्यावर निष्कर्ष उभारू नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा होय. तो येथे किती उपयोगी पडतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कल्याणचेच उदाहरण घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बंदराचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. तेथील व्यापारास अडथळे आल्याचे आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचास नेली जात असल्याचेही त्यात सांगितले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. सहाव्या शतकात कॉस्मस पुन्हा या बंदराचे नाव घेतो. आता ज्या काळात कल्याणचा उल्लेख सापडत नाही त्या काळात ते नव्हतेच, असे कोणी म्हटले, तर आपण त्यास लगेच थांबवू. साधनांचे मौन म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे, हे आपणांस ठाऊक आहे. खाडीतील जीवांविषयी मात्र हेच विधान आपण सहज करून बसतो : नोंद नाही, म्हणून जीव नाही.

या नोंदी कोठून आल्या ते पाहिले म्हणजे या विधानातील धोका स्पष्ट होतो. त्यांचे तीन थर आहेत.

पहिला थर एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांचा. फ्रान्सिस डे याचा भारतीय माशांवरील बृहद्ग्रंथ इ. स. १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ चे. त्यातील उत्पन्नाच्या प्रकरणात झाडे, पशू व पक्षी यांच्याबरोबर माशांचीही माहिती आली आहे. पुढच्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली व १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. या काळात गोळा झालेले नमुने कलकत्त्यास, लंडनला, पॅरिसला गेले. डेचे काही नमुने तर सिडनीच्या संग्रहालयात पोहोचले. आज त्या संग्रहालयांनी आपली दफ्तरे खुली केल्यामुळे आपल्या किनाऱ्याच्या नोंदी एका अर्थाने घरी परत आल्या आहेत. परंतु त्यांवरील चिठ्ठीवर पुष्कळदा ‘बॉम्बे’ एवढेच लिहिलेले असते. हे बॉम्बे म्हणजे बेट, बंदर, मासळीबाजार की सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला इलाखा? उल्हासेच्या मुखाशी धरलेला मासा बाजारात विकत घेतला गेला असला, तर नकाशावर त्याचा ठिपका मुंबई शहरात पडणार व खाडी कोरी राहणार.

दुसरा थर जहाजांचा. इ. स. १९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तिच्यातील प्लवकांचे नमुने निवडण्यासाठी कोचीन येथे १९६३ मध्ये स्वतंत्र केंद्र निघाले आणि मोहिमेची फलश्रुती म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोनापावला येथे आहे. या मोहिमेने अरबी समुद्राचे ज्ञान फार वाढविले. परंतु मोठे संशोधन जहाज खोल पाण्यात चालते. चिखलाच्या उथळ खाडीत ते शिरू शकत नाही. म्हणून या थरातील ठिपके जहाजांच्या मार्गावर ओळीने पडलेले दिसतात. ती ओळ जहाजाची आहे, जीवांची नव्हे.

तिसरा थर आपल्या काळातील. नोंदींची देवघेव सुकर करणारी ‘जीबिफ’ ही जागतिक व्यवस्था २००१ मध्ये सुरू झाली. तिचे कार्यालय कोपनहेगन येथे आहे. सागरी नोंदींसाठी ‘ओबिस’ ही व्यवस्था ‘सेन्सस ऑफ मरीन लाइफ’ या उपक्रमातून निघाली व २००९ मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाने ती आपलीशी केली. तिच्या हिंदी महासागर शाखेचे आरंभीचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी परिचित नाही. याच काळात हौशी निरीक्षकांचे युग आले. पक्ष्यांसाठी ‘ईबर्ड’ २००२ मध्ये आणि सर्व जीवांसाठी ‘आयनॅचरलिस्ट’ २००८ मध्ये सुरू झाले. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी शहराच्या किनाऱ्यावर दिसणारे जीव छायाचित्रांसह नोंदविले. ठाणे खाडीतील १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले. २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्रास रामसर स्थळाचा मान मिळाला. रोहित पाहावयास माणसे येतात, आणि माणसे येतात तेथे नोंदी वाढतात. तोच रोहित ज्या चिखलात चोच घालून चरतो, त्या चिखलातील सूक्ष्म जीव पाहावयास क्वचितच कोणी येतो.

तेव्हा या नोंदींवरून निर्णय कसा करावा? पहिली गोष्ट, निरीक्षकांचे श्रम व जीवांची संख्या ही वेगळी काढली पाहिजेत. समजा, एका वर्षी खाडीवर पक्ष्यांच्या दहा याद्या झाल्या व त्यांपैकी चारांत एक विशिष्ट पक्षी आढळला. काही वर्षांनी शंभर याद्या झाल्या व वीसांत तो आढळला. नोंदी चाराच्या वीस झाल्या, म्हणजे पाचपट वाढल्या. परंतु आढळण्याचे प्रमाण शेकडा चाळीसावरून वीसावर आले. पहिला आकडा वाढीचा भास निर्माण करतो, दुसरा घटीची सूचना देतो. म्हणून किती नोंदी झाल्या याहून किती प्रयत्नांत किती वेळा आढळ झाला, हे विचारणे अगत्याचे आहे. शोधूनही न आढळल्याची नोंद ही आढळल्याच्या नोंदीइतकीच मोलाची होय.

दुसरी गोष्ट नावांची. आपला बोंबील हॅमिल्टनने १८२२ मध्ये ‘ऑस्मेरस नेहेरियस’ या नावाने वर्णिला. आज त्यास ‘हार्पाडॉन नेहेरियस’ म्हणतात. ही दोन नावे दोन जीवांची समजली, तर एक मासा नाहीसा झाला व दुसरा नव्याने आला, असा खोटा इतिहास तयार होईल. ताम्रपटातील ग्रामनामे आजच्या गावांशी जुळविताना जी काळजी आपण घेतो, तीच येथे घ्यावयाची.

तिसरी गोष्ट स्थळाची. नोंदींच्या सर्वमान्य नमुन्यात स्थळ किती मीटरच्या आत निश्चित आहे हे लिहिण्याचा रकाना असतो. ‘बॉम्बे’ एवढेच लिहिलेल्या जुन्या नोंदीस त्या रकान्यात मोठा आकडा द्यावयास हवा. तो रिकामा सोडून नोंद नकाशावर टोचणे म्हणजे अज्ञानास अचूकतेचा वेष देणे होय.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. इ. स. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांसाठी उल्हासनगर वसले. पुढे त्या नगरात व अंबरनाथास उद्योग वाढले आणि त्यांचे सांडपाणी वालधुनीत व उल्हासेत उतरले. आता एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात या परिसरातील चौकोन रिकामा दिसला, तर ‘येथे राखण्यासारखे काही नाही’ असे लिहिणे फार सोपे आहे. पूर्वी काय होते याचा पुरावा मांडला नाही, तर काय गेले हे सिद्ध करता येत नाही. आणि जे सिद्ध करता येत नाही त्याची भरपाई कोणी मागू शकत नाही. या मौनाची किंमत प्रथम खाडीवर पोट असलेल्या कोळी कुटुंबांना मोजावी लागते. जिताडा, बोय, निवटी ही नावे त्यांच्या तोंडी आहेत. कोणत्या भरतीस काय मिळते आणि काय मिळेनासे झाले, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु हे ज्ञान रकान्यांत बसविलेले नाही, म्हणून हिशेबात धरले जात नाही.

याविषयी विद्यापीठातील विभागांस करण्यासारखे पुष्कळ आहे. ठाण्याच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थांत खाडीचा अभ्यास अनेक वर्षे झालेला आहे. अशा प्रबंधांतील कोष्टके तारीख, स्थळ व पद्धती यांसह खुल्या भांडारात गेली पाहिजेत. गॅझेटियर व जुनी नियतकालिके यांतील उल्लेख स्थळाच्या अनिश्चिततेसह नोंदविता येतील. नोंदींच्या नमुन्यात लोकभाषेतील नावासाठीही रकाना आहे. तो मराठीत भरला, तर वृद्ध कोळ्यांच्या मुलाखती व शास्त्रीय याद्या एकमेकींस जोडता येतील. मुलाखत घेताना मात्र आठवण कोणत्या वर्षाची, कोणत्या जाळ्याची व कोणत्या ठिकाणाची हे विचारून घ्यावे. मौखिक साधनासही चिकित्सा चुकलेली नाही.

यांतील जुने कागद वाचणे, स्थळ व काळ ठरविणे, साक्षीदाराची पारख करणे ही कामे इतिहासाच्या विद्यार्थ्याची आहेत; जीवांची ओळख प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावी. दोघांनी मिळून विठ्ठलवाडीपासून वसईच्या मुखापर्यंतचा एकच पट्टा हाती घेतला, तरी पुढील अहवालातील रिकाम्या चौकोनाविषयी तेथे जीव नव्हता की निरीक्षक नव्हता, हे पुराव्यानिशी सांगता येईल.